काठावर कोण हाय?

पोलिसाच्या घरात सामान कधी साचत नाही. दर बदलीला काहीतरी मागं राहतं. कुठं कूलर, कुठं कपाट, कुठं तुळशीची कुंडी. किस्से मात्र कोणी मागं सोडत नाही. टेम्पोत न चढवताही ते नव्या घरी पोचतात आणि चहाचं आधण ठेवायच्या आत सुरू होतात. आमच्या नांदेडच्या घरात इतके किस्से झालेत की आता पाहुण्यांना बसायला जागा उरली नाही, असं आई म्हणते.

त्यातले निम्मे किस्से चौघांचे. एकाच भरतीत, एकाच दिवशी, कोकणातल्या एका जिल्ह्यात पोलीस झालेले हे चौघं. आमच्याकडची पोरं भरतीला तिकडं का जातात, हे आमच्याकडं कोणाला समजावून सांगावं लागत नाही. इकडं एकेका जागेवर अख्खं गाव लोटतं, तिकडं जरा श्वास घ्यायला मिळतो. तर माझे पप्पा माधवराव, नांदेडचे. शेषराव काका किनवटचे. दिगंबर काका भोकरजवळच्या एका खेड्यातले. आणि बालाजी काका उदगीरचे, अडत बाजारात पोती उचलत शिकलेले. बायकापोरं इकडं, नोकरी तिकडं. दरवर्षी बदलीचा अर्ज करायचा आणि वाट बघायची.

पप्पा आणि शेषराव काका परत आले. दिगंबर काका आणि बालाजी काका समुद्रात गेले. बुडणाऱ्या पर्यटकांना काढायला आत शिरले आणि स्वतः आले नाहीत. मी तेव्हा सातवीत होते.

आता माझी बीएस्सी झालीय आणि पोलीस भरतीत निवडही झालीय. जिल्हा तोच. समुद्र तोच. आणि मला पोहता येत नाही.

त्या दिवशी नेमकं काय झालं, हे मी कितीदा तरी विचारलं. विचारलं की मोठी माणसं एक किस्सा सांगायची आणि चहा मागायची. माझ्याकडं इतके किस्से आहेत ते म्हणून.

* * *

पहिला ठरलेला किस्सा वर्दीचा.

चौघं नवीन होते. क्वार्टरच्या नळाला करंगळीएवढी धार, तीही तासाभरासाठी. आणि समोर समुद्र. दिगंबर काकांनी चौघांच्या वर्द्यांचं गाठोडं बांधलं आणि निघाले. आमच्याकडं एवढं पाणी दिसलं की माणसाच्या डोक्यात आधी धुणंच येतं, त्यात त्यांची काही चूक नाही.

खडकावर बसून साबण घासला, तर फेस येईना. साबण बनावट निघाला असं समजून दुसरी वडी आणली. तीही झिजली. मग दुकानदाराशी जाऊन भांडले. तो नुसता हसत होता, आणि पोलिसाला हसतो म्हणून काकांना अजून राग आला.

सकाळी परेडला चौघं उभे. वर्द्या वाळून पापडासारख्या कडक, पाठीवर पांढरे नकाशे. दाहिने मुड म्हटलं की चौघांच्या अंगातून कडकड आवाज यायचा. साहेबांनी दिगंबर काकांच्या बाहीवरून नख ओढलं. नखात मीठ आलं.

"हे काय आहे?"

"सर, एवढं पाणी वाया चाललेलं बघवंना."

साहेब तोंड फिरवून बराच वेळ समुद्राकडं बघत राहिले म्हणे. त्या दिवसापासून ठाण्यात चौघांना 'मिठागर' म्हणायला लागले.

* * *

बालाजी काका बोटीला घाबरायचे. बैलगाडी चालेल, ट्रॅक्टर चालेल, ट्रकच्या टपावर बसून उदगीरहून बिदरला जातील; पण खालची जमीन हलायला नको. विहिरीत मासोळीसारखे पोहायचे. पाणी स्थिर असलं की काही नाही. पाणी हललं की संपलं.

एकदा खाडीपलीकडच्या गावातून आरोपी आणायचा होता. भावकीत मारामारी केलेला मच्छीमार, आडदांड माणूस. बालाजी काका आणि शेषराव काका त्याला छोट्या होडीत घालून निघाले. खाडीच्या मध्यावर होडी डुलायला लागली. बालाजी काकांनी डोळे मिटले आणि हाताला जे लागलं ते दोन्ही हातांनी धरलं. हाताला आरोपी लागला होता.

तो बिचारा समजावत होता की पाण्याकडे बघू नका, लांब डोंगराकडे बघा. काकांनी त्याच्या खांद्यावर डोकं टेकवलं. तो काकांची पाठ चोळत राहिला. काकांना उलटी झाली तेव्हा टोपी पाण्यात पडू नये म्हणून तीही त्यानंच धरली.

धक्क्यावर साहेब उभे. समोरून आरोपी ताठ मानेनं चालत येतोय. एका हातात पोलिसाची टोपी, दुसऱ्या हातानं धरलेला पोलिसाचा दंड.

साहेबांनी शेषराव काकांना विचारलं, "यातला आपला कोणता?"

मी दर वेळी हसते. मग आठवतं, पुढं हाच माणूस कोणी न सांगता समुद्रात शिरला.

* * *

बालाजी काकांच्या आईनं एकदा फोनवर विचारलं, समुद्र म्हणजे केवढा असतो. म्हातारी उदगीरबाहेर फारशी गेलेली नाही. काकांनी जरा विचार केला.

"किल्ल्याच्या बुरुजावर उभं राहिलं की चौबाजूनं जेवढं दिसतंय ना, तेवढं सगळं ओलं."

म्हातारी म्हणाली, "मंग तू बुरुजावरच थांब बाबा."

* * *

चौघांत पोहण्यात वस्ताद दिगंबर काका. त्यांच्या गावाकडं उन्हाळ्यात सगळे विहिरीत शिकतात. पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधायचा, कमरेला दोर, आणि द्यायचं ढकलून. नियम एकच. काठावर दोर धरून कोणीतरी पाहिजे. उडी मारायच्या आधी विचारायचं, "काठावर कोण हाय?" काठावरच्यानं म्हणायचं, "मी हाय." उत्तर आलं नाही तर उडी नाही. पाण्यात दम लागला, घाबरायला झालं, तर पुन्हा तेच विचारायचं आणि जिकडून आवाज येईल तिकडं सरळ हात मारत यायचं. विहीरच ती. कुठूनही निघालं तरी भिंत येतेच.

हाच नियम काकांनी समुद्रावर नेला. रविवारी चौघांची बीचवर ड्यूटी असायची. लाल झेंडा लावलेला असायचा आणि त्याच झेंड्याच्या काठीला लोक टॉवेल वाळत घालायचे. कोणी फार आत गेला की दिगंबर काका कमरेला दोर बांधायचे, पाण्यात शिरता शिरता ओरडायचे, "काठावर कोण हाय?" आणि पप्पा दोराचं टोक मनगटाला गुंडाळून ओरडायचे, "मी हाय."

एकदा काकांनी अशीच हाक दिली. शेजारी गुडघाभर पाण्यात चष्मा लावलेले एक गृहस्थ उभे होते. ते वळले आणि अगदी नम्रपणे म्हणाले, "मी जोशी. सहकुटुंब आलोय."

जोशीकाकांचं नाव निघालं की आमच्या घरात अजून सगळे हसतात. पप्पा सोडून. शेषराव काका हा किस्सा नेहमी इथंच थांबवतात. त्यानंतर त्यांना चहा लागतो.

* * *

पप्पांची नांदेडला बदली झाली ती त्या दोघांच्या जाण्यानंतर. इतकी वर्षं पडून असलेला अर्ज लगेच मंजूर झाला. मला तेव्हाही त्याचा राग आला होता, आताही येतो.

घरी आले ते पप्पा वेगळेच होते. सकाळी उठल्याबरोबर बातम्यांत कोकणचं हवामान बघणार. नांदेडात मे महिना, पंखा गरम हवा फेकतोय, आणि पप्पा आईला सांगून राहिलेत की आज दर्या खवळलेला हाय, कोणी जाऊ नये. आई शांतपणे म्हणते, "न्हाई जात. भाजीला जाऊ का?"

गणपती विसर्जनाला त्यांना गोदावरीच्या घाटावर बंदोबस्त असतो. तिथं ते स्वतःचा दोर घेऊन जातात. सरकारी मिळतो, पण त्यांचा त्यावर विश्वास नाही. एक टोक घाटावरच्या खांबाला, दुसरं हातात. एका वर्षी एका मोठ्या मंडळाचे अध्यक्ष मूर्तीबरोबर पाण्यात निघाले. गळ्यात जाड साखळी, मागं ढोल, पुढं मोबाइलवाले. पप्पांनी अडवलं.

"जमादार, मी कोन हाय माहीत हाय का?"

पप्पांनी तोवर त्यांच्या पोटाला दोर गुंडाळायला घेतला होता. "ते वर आल्यावर सांगा," म्हणाले.

अध्यक्ष जयजयकार करत, दोराला बांधलेले, आत गेले आणि पप्पांनी त्यांना ओढून बाहेर काढलं. व्हिडिओ नांदेडात घरोघर फिरला. पुढच्या वर्षी मंडळांचे लोक स्वतःहून येऊन विचारायला लागले, दोरवाले जमादार कुठं उभे आहेत.

तो व्हिडिओ माझ्याकडं आहे. लोक त्यात अध्यक्षांकडं बघतात. अध्यक्ष गुडघाभर पाण्यात आहेत, आणि पप्पांच्या हातावरच्या शिरा टरारून फुगल्यात.

* * *

माझी निवड झाली तेव्हा आईनं पेढ्यांचा डबा उघडला, जिल्ह्याचं नाव ऐकलं, आणि डबा पुन्हा झाकला.

संध्याकाळी शेषराव काकांना बोलावणं गेलं. बैठक बसली. मग जे मोठ्या माणसांना सुचतं ते सगळं झालं. एमपीएससी कर. बीएड कर. स्थळं बघू. ट्रेनिंग होऊ दे, मग ओळखीनं बदली करून घेऊ. मी म्हटलं, बदलीला किती वेळ लागतो ते निदान या घरात तरी सांगू नका. पप्पा उठून बाहेर गेले आणि सकाळीच धुतलेली स्कूटर पुन्हा धुवायला लागले.

"मी जाणार हाय," मी म्हणाले. "मला पोहायला शिकवा. भरतीत आम्हाला पळवलं अन् गोळा फेकायला लावला. कोणी बुडत असलं तर काठावरून गोळा फेकू का त्याच्या अंगावर?"

मोठी माणसं नाही म्हणत नाहीत. बघू म्हणतात. आठवडाभर बघू झाल्यावर मी एकटीच स्विमिंग टँकवर गेले. टँकमध्ये पाणी नव्हतं. निळ्या फरशीवर पोरं क्रिकेट खेळत होती, खोल बाजूला विकेटकीपर. वॉचमन म्हणाला, टंचाई संपली की बॅच चालू होईल. ट्रेनिंगचं पत्र यायची वेळ झाली होती आणि रात्री मला पाण्याची स्वप्नं पडत होती. स्वप्नात माझे पाय खाली लागत नसायचे.

शेवटी शेषराव काकांनी उपाय काढला. बैठकीतल्या लाकडी बाकावर मला पालथं झोपवलं. हात मार. पाय मार. मान वर काढ. श्वास तोंडानं घे, नाकानं सोड. आई समोर मेथी निवडत बसली होती. शेजारच्या काकू वाटी मागायला आल्या, माझ्याकडं बघून थबकल्या आणि हळूच आईला विचारलं, कंबर धरली का हिची?

चार दिवसांनी मी म्हणाले, "काका, हे जमलं. पुढं काय?"

काका समाधानानं म्हणाले, "आता फकस्त पाणी राहिलं, माय."

* * *

दिगंबर काकांच्या गावात दरवर्षी त्यांच्या आठवणीचा कार्यक्रम होतो. शाळेच्या पटांगणात मांडव, हार, भाषणं. बालाजी काकांचा फोटोही तिथंच शेजारी ठेवतात. आम्ही सगळे जातो.

या वर्षी गावातल्या पोरांनी दिगंबर काकांचा मोठा फ्लेक्स लावला. फ्लेक्सवाल्याकडं काकांचा नुसता चेहऱ्याचा फोटो होता, म्हणून त्यानं तो कुठल्याशा अधिकाऱ्याच्या धडावर बसवला होता. खांद्यावर स्टार. मागं निळाशार समुद्र, लाटा, आणि उड्या मारणारे दोन डॉल्फिन.

शेषराव काका कमरेवर हात ठेवून बघत राहिले. "जिवंतपणी प्रमोशनसाठी चपला झिजवल्या गड्यानं," म्हणाले, "फ्लेक्सवाल्यानं एका दिवसात देऊन टाकलं."

सुमन काकू म्हणजे दिगंबर काकांच्या बायको. गावातली शेती आता त्याच बघतात. त्यांनी फ्लेक्सची खालची बाजू धरली, वर दुमडली आणि सुतळीनं बांबूला करकचून बांधली. लाटा आत गेल्या, डॉल्फिन आत गेले. काका छातीपर्यंत उरले.

मग भाषण. कोणी एक पाहुणे होते, पाण्याशी झुंज, मृत्यूशी झुंज, असं बराच वेळ चाललं. शेवटी म्हणाले, आजच्या पिढीत हे धाडस राहिलं नाही. आजच्या पिढीतली मी समोर सतरंजीवर बसले होते.

कार्यक्रमानंतर सुमन काकूंच्या ओसरीवर चहा होता. मी गप्प बसू शकले नाही. म्हणाले, धाडसाचं काय घेऊन बसलात, यांना समुद्राची माहितीच कोणी दिली नव्हती. मी फोनवर पाहिलंय. काठावर आलेलं पाणी एखाद्या पट्ट्यातून जोरात परत आत जातं. त्या ओढीत सापडलं की सरळ काठाकडं यायचंच नसतं, कितीही जोर लावला तरी माणूस जागच्या जागी राहतो आणि दमतो. आडवं जायचं, काठाला समांतर. ओढ संपली की मग वळायचं.

"ते सरळ आले," मी म्हणाले. "म्हणून गेले."

मी खोटं बोलले नव्हते, आजही तेच म्हणेन. पप्पांनी कप खाली ठेवला आणि शेताकडं चालायला लागले.

सुमन काकूंनी मला विचारलं, "मंग हे त्यायला कुणी सांगितलं कामून न्हाई?"

मी फोन पालथा ठेवला.

तेव्हा शेषराव काका बोलले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी चहा मागितला नाही. रविवार होता. लाल झेंडा होता. कॉलेजची तीन पोरं ओढीत सापडली. दिगंबर काका दोर बांधून आत गेले, मागोमाग बालाजी काका. दोराचं टोक पप्पांकडं. शेषराव काका होडी आणायला धक्क्याकडं पळाले. दोर संपला आणि पोरं अजून पुढंच होती, तेव्हा दिगंबर काकांनी कमरेची गाठ सोडली. दोघांनी पोरांना धरून ठेवलं. होडी पोचली. होडी लहान, तीन पोरांत भरली. दिगंबर काका म्हणाले, तुम्ही व्हा पुढं, आम्ही येतो पोहत. काठ समोर दिसत होता, लांबसुद्धा नव्हता.

मग त्यांनी हाक दिली, काठावर कोण हाय. पप्पा ओरडले, मी हाय, इकडं या.

"ते त्याच्या आवाजाकडं निघाले," शेषराव काका म्हणाले. "सरळ. हात मारत राहिले अन् तिथंच राहिले. याला वाटलं, आवाज जात नसंल. म्हणून हा अजून जोरात हाका मारत राहिला. आम्ही पोरांना टाकून होडी फिरवली, तवर..."

ते माझ्याकडं बघून म्हणाले, "लई वेळ हाका मारल्या तुझ्या बापानं, माय."

ओसरीवरून पप्पा दिसत होते. ते विहिरीपाशी पोचले होते, पण कठड्याजवळ जात नव्हते. सुमन काकूंनी सगळे कप गोळा केले, आत ठेवून आल्या, पदर खोचला.

"उद्यापासून इथंच राहा," मला म्हणाल्या. "तुझ्या बापालाबी ठेवून घे. माझ्या विहिरीला पाणी हाय."

* * *

दिगंबर काका पोहायला शिकले ती विहीर हीच. दगडी पायऱ्या, एका बाजूला उंबर, आणि भर उन्हाळ्यातही हिरवंगार पाणी.

पप्पांनी रजा टाकली. पाठीला डबा त्यांनी बांधला, कमरेला दोर त्यांनी बांधला, गाठ ओढून ओढून बघितली. मी खालच्या पायरीवर उभी राहिले. नियम मला माहीत होता.

"काठावर कोण हाय?"

उत्तर नाही. वर बघितलं. पप्पा उभे होते, दोर हातात, तोंड बंद. मी पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. मी चिडले. म्हणाले, नियम तुमचाच ना?

"मी आवाज देणार न्हाई," पप्पा म्हणाले. "आवाजाकडं यायचं न्हाई. भिंतीकडंबी यायचं न्हाई. भिंत न्हाई तिथं."

"समोर दिसायलीय मला भिंत!"

"न्हाई."

"मंग जाऊ कुठं?"

"आडवी."

विहिरीत आडवं जायचं म्हणजे गोल फिरायचं. मी फिरायला लागले. भिंत एका हातावर, आणि हात लावला की वरून दोराला हिसका. नाकात पाणी, डोळ्यात पाणी, डबा पाठीवर ढबढब वाजतोय. शेषराव काका पायरीवर बसून म्हणाले, घाण्याला बैल बरा जुंपलाय, संध्याकाळपर्यंत तेल निघंल. दमलं की पाठीवर पडून राहायचं, हेही पप्पांनी वरूनच शिकवलं. पाठीवर पडलं की विहिरीतून आभाळ ताटाएवढं दिसतं आणि त्याच्या कडेला पप्पांचं डोकं.

रोज संध्याकाळी ते आईला फोन करायचे. एकच वाक्य. "आज बुडाली न्हाई."

डबा सुटला. मग एके दिवशी कमरेचा दोरही सुटला. पण पप्पा स्वतः पाण्यात उतरले नाहीत. खालच्या ओल्या पायऱ्यांवरसुद्धा पाय ठेवायचे नाहीत. माझी चप्पल खाली राहिली तर शेषराव काकांना पाठवायचे. काठावर उभे राहायचे, मोकळा दोर हातात गुंडाळून, आणि मी हाक दिली की ओठ घट्ट मिटायचे.

ट्रेनिंगला निघायच्या आदल्या दिवशी मी शेवटची पोहत होते. गोल, आडवी, भिंतीला न लागता. अर्ध्यात दम लागला. पाठीवर पडले आणि सवयीनं विचारलं, "काठावर कोण हाय?" उत्तर येणार नाही हे ठाऊकच होतं.

"द्या इकडं."

आवाज सुमन काकूंचा होता. मान वळवून बघितलं. त्यांनी पप्पांच्या हातातला दोर धरला होता आणि पप्पा सोडत नव्हते. एकेक बोट उघडून काकूंनी दोर काढून घेतला. एक टोक पप्पांच्या हातात परत दिलं. बाकीचा दोर स्वतःच्या कमरेला एक वेढा देऊन घेतला आणि पाय दगडाला रोवून उभ्या राहिल्या.

पप्पा त्या टोकाकडं बघत राहिले. मग त्यांनी बूट काढले. मोजे काढून बुटात ठेवले. शर्टाची घडी केली आणि शेषराव काकांच्या मांडीवर ठेवली. पप्पांनी दोर कमरेला बांधला. गाठ मारली, ओढून बघितली, पुन्हा ओढून बघितली.

पायऱ्या उतरत आले. खालच्या पायरीवर पाणी घोट्यांना लागलं, तसे थांबले. मी मध्यावर पाठीवर पडून होते. उंबराची पानं हलत होती. पप्पांनी मान वर केली नाही. पाण्याकडंच बघत विचारलं,

"काठावर कोण हाय?"

"मी हाय, भाऊजी," सुमन काकू म्हणाल्या. "उतरा."

पप्पांनी अंग पाण्यात सोडलं. भिंत हाताशी होती. ते आडवे निघाले.